ओसरीवरून : यंत्राच्या धड्यांस वार्तिक हवें

संस्कृत व्याकरणाचा ज्यांनीं थोडाफार तरी अभ्यास केला आहे, त्यांस मुनित्रय ठाऊक असतें. पाणिनीनें सुमारें चार हजार सूत्रें रचिलीं, कात्यायनानें त्यांवर वार्तिकें लिहिलीं आणि पतंजलीनें महाभाष्य सांगितलें. या तिघांच्या संबंधांत आमच्या वैयाकरणांनीं जो नियम ठरविला, तो मोठा विलक्षण आहे. सामान्यतः आपल्याकडे ग्रंथ जितका जुना तितका तो अधिक प्रमाण. येथें मात्र उलट. पाणिनीपेक्षां कात्यायनाचें आणि कात्यायनापेक्षां पतंजलीचें मत अधिक प्रमाण मानावें, असा दंडक आहे. मूळ सूत्रकाराविषयींचा आदर यत्किंचितही कमी न होऊं देतां पुढच्यानें त्याच्या शास्त्राची दुरुस्ती करावी, आणि ती दुरुस्ती शास्त्राचाच भाग व्हावी, अशी ही व्यवस्था होय.

वार्तिकाचें कामही शास्त्रकारांनीं नेमकें सांगून ठेविलें आहे. मूळांत जें सांगितलें आहे, जें सांगावयाचें राहून गेलें आहे आणि जें चुकीचें सांगितलें गेलें आहे, अशा तिन्हींचा, म्हणजे उक्त, अनुक्त व दुरुक्त यांचा, विचार ज्यांत होतो तें वार्तिक. ही जुनी व्याख्या आज आम्हांस आठवण्याचें कारण मात्र अगदीं नवें आहे. तें म्हणजे संगणकास लेखी आज्ञा देण्याची विद्या, जिला सर्वत्र प्रोग्रामिंग म्हणतात, ती. आणि विशेषतः ती नव्यानें शिकणारांसाठीं लिहिलेले धडे.

आमच्या वाचकांच्या कुटुंबांपैकीं क्वचितच एखादें असें असेल, कीं ज्यांतील एक तरी मुलगा, मुलगी, सून वा जांवई या धंद्यांत नाहीं. सणावारीं ही मंडळी घरीं येतात, लॅपटॉप उघडून एका कोपऱ्यांत बसतात, आणि घरांतील वडील माणसें ‘हें आपल्या समजुतीपलीकडचें’ असें म्हणून दुसऱ्या कोपऱ्यांत वर्तमानपत्र उघडतात. या दोन कोपऱ्यांतील अंतर वाटतें तितकें मोठें नाहीं. आणि तें न मिटल्यानें नुकसान होतें तें त्या दोघांचें नव्हे, तर तिसऱ्याच कोणाचें, असें आम्हांस दिसतें. तें कसें, हें आज सांगावयाचें आहे.

प्रोग्रामिंगचे एक-दोन दिवसांचे प्राथमिक वर्ग भरविण्याची पद्धति आतां जगभर रुळली आहे. अमेरिकेंत १९९८ सालीं ग्रेग विल्सन व ब्रेंट गोर्डा या दोघांनीं शास्त्रज्ञांसाठीं ‘सॉफ्टवेअर कारपेंट्री’ या नांवाचे वर्ग सुरू केले. कारपेंट्री म्हणजे सुतारकाम. मोठमोठे वाडे उभारणारा स्थपति नव्हे, तर आपल्या घरचें दार आपणच नीट बसविणारा माणूस तयार करावा, हा हेतु त्या नांवांतच दिसतो. पुढें २०१४ सालीं बर्लिन येथें ‘जँगो गर्ल्स’ या नांवानें स्त्रियांसाठीं मोफत वर्ग निघाला. या दोन्ही उपक्रमांत विशेष लक्षांत घेण्यासारखी गोष्ट म्हणजे त्यांचे धडे. ते कोणीही घ्यावे, छापावे, आपल्या भाषेंत उतरावे, आपल्या गरजेप्रमाणें बदलावे. मूळ कर्त्याचा उल्लेख तेवढा करावा, आणि कांहीं धड्यांच्या बाबतींत, बदललेली प्रतही तशीच मोकळी ठेवावी. अशी लेखी परवानगी धड्यासच जोडलेली असते. असे परवाने सिद्ध करून देणारी ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ ही संस्था २००१ सालीं स्थापन झाली.

येथें ‘फुकट’ आणि ‘मुक्त’ या दोन शब्दांतील भेद ध्यानांत ठेवावा. आमचा जालना जिल्हा बियाण्यांसाठीं प्रसिद्ध आहे. बद्रीनारायण बारवाले यांनीं १९६४ सालीं जालन्यास महिको ही कंपनी काढली, तेव्हांपासून संकरित बियाणें आमच्या शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाचें झालें. संकरित बियाण्याचें पीक जोमदार येतें. पण त्या पिकांतून राखलेलें बीं पुढल्या सालीं तसेंच उतरत नाहीं, म्हणून तें दरसाल नवें घ्यावें लागतें. घरचें देशी वाण मात्र राखतां येतें, शेजाऱ्यास देतां येतें, आणि आपल्या जमिनीस मानवेल तसें हळूहळू निवडतांही येतें. कोणी आपणांस संकरित बियाण्याची पिशवी फुकट दिली, म्हणून कांहीं तें राखण्याजोगें होत नाहीं. त्याचप्रमाणें विनामूल्य मिळालेलें पुस्तक फुकट असेल. पण त्यांत दुरुस्ती करून तें पुढें देण्याचा अधिकार आपणांस असेल, तरच तें मुक्त.

आतां ही दुरुस्ती होते कशी? असे धडे बहुधा ‘गिटहब’सारख्या सार्वजनिक भांडारांत ठेविलेले असतात. आपण तेथून धड्याची प्रत घ्यावयाची, तिच्यांत सुधारणा करावयाची आणि ‘ही सुधारणा स्वीकारावी’ असें विनंतिपत्र तिच्यासह पाठवावयाचें. धड्याचे संरक्षक ती तपासतात, शंका विचारतात, पटली तर मूळांत मिळवून घेतात. कोणती ओळ कोणी, केव्हां व कां बदलली याची नोंद तेथें कायम राहते. या नोंदीचें मोल आपल्याकडे कोणी विशेष सांगावयास नको. गोदातीरीं पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ मध्यें, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. कारण तीनशें वर्षांच्या नकलांत पाठ बिघडले होते आणि कोणता फरक कोणी केला हें सांगण्यास कांहींच साधन नव्हतें. म्हणून नाथांस शेवटीं निक्षून बजवावें लागलें, कीं येथें कोणी आपली ओवी घालूं नये. नव्या भांडारांत असें बजवावें लागत नाहीं. ज्यास भर घालावयाची त्यानें उघड घालावी, आणि ती कोणाची हें सर्वांस दिसावें, एवढीच अट असते.

आपल्या देशांतही हें कार्य चाललें आहे. पवईच्या आय. आय. टी. मध्यें प्राध्यापक कण्णन मौद्गल्य यांनीं ‘स्पोकन ट्यूटोरियल’ हा प्रकल्प उभा केला. त्यांत सुमारें दहा मिनिटांचा एकेक पाठ असतो. पडद्यावरील कृति इंग्रजींतच राहते, पण ती समजावून सांगणारा आवाज मराठीसह अनेक भारतीय भाषांत ऐकावयास मिळतो. या प्रकल्पाची एक रीत आम्हांस फार आवडली. पाठाची संहिता तज्ज्ञानें लिहिल्यावर ती आधीं नवशिक्याच्या हातीं देतात. त्या विषयांतलें ज्यास कांहीं येत नाहीं, असा माणूस ती वाचून तिच्याप्रमाणें करून पाहतो, आणि जेथें अडतो तेथें संहिता सुधारली जाते. म्हणजे येथें अज्ञान ही उणीव नसून ती एक पात्रता ठरते! शाळेंतील मुलांसाठीं ए. सी. एम. इंडिया या संस्थेनें २०१६ सालीं ‘सी. एस. पाठशाला’ हा उपक्रम सुरू केला. त्यांतील पुष्कळसे पाठ यंत्रावांचूनच शिकवितां येतात आणि ते मराठींतही आहेत.

एवढें सर्व असतां आणखी काय करावयाचें राहिलें, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर आम्हांस आमच्याच ओसरीवर मिळालें.

आमचें वाटूर हें परतूर तालुक्यांतील गांव. गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या धाकट्या बंधूंच्या कन्येनें, जी पुण्यांत याच धंद्यांत आहे, गांवांतील नऊ मुलामुलींचा दोन दिवसांचा वर्ग घेतला. मुलें मराठी शाळेंतील, सातवी ते नववीचीं, यंत्रें तीन. शिकवावयाची भाषा ‘पायथन’, जी गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थानें १९९१ सालीं प्रसिद्ध केली. धडे अशाच एका मुक्त भांडारांतले. पुतणीनें ते स्वतः मराठींत उतरविले होते. भाषांतर शुद्ध होतें. आम्ही मागें बसून, शिक्षकाच्या जुन्या संवयीप्रमाणें, पडद्याकडे न पाहतां मुलांच्या तोंडांकडे पाहत होतों.

पहिला पाठ वयाचा. पायथनच्या २००८ सालीं निघालेल्या तिसऱ्या आवृत्तीपासून आपण ठेविलेलीं नांवें देवनागरींत लिहितां येतात. म्हणून मुलांनीं मोठ्या हौसेनें ‘वय’ असें लिहिलें, पुढें बरोबरीचें चिन्ह काढलें, आणि देवनागरींतच १२ हा आंकडा लिहिला. यंत्रानें तत्काळ चूक दाखविली. नांव देवनागरींत चालतें, मग आंकडा कां नाहीं, हें एकासही उमजेना. अधिक शोध करतां मौज कळली ती अशी : तोच देवनागरी आंकडा मजकूर म्हणून यंत्राच्या स्वाधीन केला आणि ‘याची संख्या कर’ असें सांगितलें, तर यंत्र तो बिनचूक वाचतें! केवळ आज्ञेच्या ओळींत तो थेट लिहिलेला त्यास चालत नाहीं. मूळ इंग्रजी धड्यांत याविषयीं एक अक्षर नाहीं. लिहिणारास आंकड्यांची एकच जात ठाऊक, त्यास ही अडचण सुचावी कशी? हें झालें अनुक्त.

दुसऱ्या दिवशीं शब्द मोजण्याचा पाठ आला. ‘लेन’ ही आज्ञा दिली असतां यंत्र शब्दांतील अक्षरांची संख्या सांगतें, असें धड्यांत लिहिलें होतें. मुलांनीं अर्थातच आपल्या गांवाचें नांव घातलें. वा, टू, र : अक्षरें तीन. यंत्र म्हणालें, पांच. मुलांनीं बोटांनीं पुन्हा मोजलीं; तीनच भरलीं. एक मुलगी आमच्याकडे वळून म्हणाली, “आजोबा, याला आपल्या गांवाचं नांवसुद्धां मोजतां येत नाहीं!”

संस्कृत शिकलेल्यास येथें अधिकच गंमत वाटेल. व्याकरणदृष्ट्या ‘वाटूर’ या शब्दांत व्, आ, ट्, ऊ, र्, अ असे सहा वर्ण आहेत. अक्षरें म्हणावीं तर तीन. मग हे पांच आले कोठून? त्याचें कारण असें, कीं युनिकोड या सर्वमान्य संकेतानुसार यंत्र व, काना, ट, ऊकार आणि र अशीं सुटीं चिन्हें सांठवितें, आणि मोजतें तीं हीं चिन्हें. तें वर्णही मोजीत नाहीं व अक्षरेंही मोजीत नाहीं. ‘अक्षरें मोजतें’ हें धड्यांतील विधान मूळ इंग्रजीपुरतें खपून जातें. तेंच मराठींत जसेंच्या तसें उतरलें कीं तें दुरुक्त होतें. भाषांतर निर्दोष असूनही धडा चुकला तो असा.

याच पाठांत पुढें शब्द उलटा करण्याचा खेळ होता. मुलांनीं ‘रटूवा’ येईल अशी अपेक्षा केली होती. यंत्रानें ‘रूटाव’ असें दिलें. चिन्हांचा क्रम उलटला तेव्हां ट चा ऊकार र ला जाऊन चिकटला आणि व चा काना ट ला. मुलें खदखदून हसलीं. मात्र आमचें लक्ष एका कोपऱ्यांतील मुलाकडे गेलें. तो हसला नाहीं. मघां लांबीचें उत्तर पांच आलें, तेव्हांही त्यानें कोणास कांहीं विचारलें नव्हतें. मराठी नांव पुसून तेंच नांव इंग्रजी अक्षरांत लिहिलें होतें. योगायोग असा, कीं इंग्रजींतही उत्तर पांचच आलें. पण या वेळीं त्यानें बोटांनीं मोजून ‘बरोबर’ म्हटलें आणि पुढें वर्ग संपेपर्यंत देवनागरी कळ पुन्हा दाबली नाहीं.

वाचकहो, आमच्या मतें खरें नुकसान तें हेंच. त्या मुलास यंत्र चुकलें असें वाटलें नाहीं, धडा चुकला असें तर नाहींच नाहीं. आपली भाषा या कामाची नव्हे, एवढेंच तो शिकला, आणि तेंही कोणी शिकविल्यावांचून. अशा समजुतीस परीक्षेंत गुण नसतात, म्हणून ती कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. पण जन्मभर पुरते. धड्यांत दोनच ओळी अधिक असत्या, तर याच पांचाच्या उत्तरावरून त्या मुलास यंत्र मजकूर कसा सांठवितें याचें असें ज्ञान झालें असतें, कीं जें इंग्रजी शब्दांवरून सहजासहजीं होत नाहीं. जी वस्तु त्याच्या भाषेचें वैगुण्य म्हणून दिसली, तीच तिची अनुकूलता ठरली असती.

वर्ग संपल्यावर पुतणी म्हणाली, “काका, हें धड्यांत कुठंच नाहीं. तुम्हीच लिहून द्या, मी पाठवतें.” त्याप्रमाणें आम्हीं तीन टिपा लिहून दिल्या. पहिली आंकड्यांविषयीं. दुसरी ‘अक्षरें’ या शब्दाच्या जागीं ‘चिन्हें’ असा शब्द घालून, खालीं वाटूरचें उदाहरण देणारी. तिसरी उक्ताविषयीं : यादींतील पहिल्या वस्तूचा क्रमांक यंत्र शून्य धरतें, हें मूळांत सांगितलेलें आहे, पण रुक्षपणें. अमेरिकेंत जमिनीलगतच्या मजल्यासच पहिला म्हणतात. आपल्याकडे तो तळमजला, आणि पहिला त्याच्या वरचा. म्हणून ‘तळमजल्यापासून मोजा’ एवढें सांगितलें कीं आपल्या मुलास शून्याचें कोडें उरत नाहीं. पुतणीनें या टिपा रीतसर पाठविल्या. संरक्षकांकडून दोन शंका आल्या, एक वाक्य तोकडें करावें अशी सूचना आली, आणि टिपा स्वीकारल्या गेल्या. आम्हांस यंत्रास एक आज्ञाही धड लिहितां येत नाहीं; तरी एवढें काम झालें, तें मुलें कोठें अडतात हें पाहण्याच्या संवयीमुळें.

भाषेविषयीं दोन शब्द सांगणें आमचें कर्तव्य आहे, कारण संस्कृतज्ञांचा हात धड्यांस लागला कीं ते कित्येकदां अधिकच दुर्बोध होतात. पारिभाषिक शब्द घडवितांना तो मुलाच्या कानावर पूर्वीं पडला आहे काय, हें आधीं पाहावें. बीजगणितामुळें ‘चल’ हा शब्द मुलांस माहीत आहे, तो खुशाल घ्यावा. लूप म्हणजे ‘फेरा’, लिस्ट म्हणजे ‘यादी’. आणि फंक्शन म्हणजे ‘कृति’, स्वयंपाकघरांतील पाककृतीप्रमाणें : एकदां लिहून ठेवावी आणि हवी तेव्हां नांव घेऊन करावी. मात्र प्रत्येक मराठी शब्दाशेजारीं मूळ शब्दही द्यावा, कारण यंत्राच्या आज्ञा व तक्रारी त्याच शब्दांत येतात. नेहमीं येणाऱ्या दहा तक्रारींचा अर्थ मराठींत सांगणारें एखादें पान जोडलें, तर शिक्षकाचा अर्धा श्रम वांचेल. उदाहरणेंही आपलीं असावींत. डॉलर आणि पिझ्झा यांचे हिशेब कशाला? जालन्याची मोसंबी आहे, कापसाचा क्विंटलचा भाव आहे, पावसाच्या नोंदी आहेत. आमच्याच जिल्ह्यांतील जांब येथें जन्मलेल्या समर्थांनीं दासबोधांत लेखनक्रियेवर एक सबंध समास खर्च केला आहे. वाचणाराची सोय ही त्यांच्या लेखीं क्षुल्लक बाब नव्हती; ती आपणही मानूं नये.

यावर आक्षेप निघतील ते आम्हांस ठाऊक आहेत. पहिला असा, कीं पुढें इंग्रजी शिकावेंच लागणार, मग मराठी धड्यांचा खटाटोप कशाला? इंग्रजी शिकावें, याविषयीं वाद नाहीं. परंतु दोन नव्या गोष्टी एकाच वेळीं शिकणाऱ्या मुलास, आपण अडलों तें भाषेंत कीं विचारांत, हेंच समजत नाहीं. विचार आधीं परिचित भाषेंत पक्का झाला, म्हणजे इंग्रजी शब्द त्यास आपोआप चिकटतात. दुसरा आक्षेप असा, कीं आतां भाषांतर यंत्रच क्षणांत करून देतें. देतें खरें, आणि तें घेऊन पुढें काम करण्यास कांहींच हरकत नाहीं. पण भाषांतर होतें तें उक्ताचें. मुलाचें बोट तिसऱ्या अक्षरावर थांबलें आणि त्यानें मुकाट्यानें मराठी नांव पुसलें, हें पाहण्यास शेजारीं माणूसच बसलेला हवा. तिसरा आक्षेप विनयाचा : आमची योग्यता ती काय? त्यास उत्तर पवईच्या त्या नवशिक्यानें आधींच दिलें आहे.

तेव्हां आमची सूचना अगदीं घरगुती आहे. येत्या सुटींत जाणत्या मुलानें किंवा सुनेनें एक मुक्त धडा निवडावा. घरांतील वडिलांनीं, अथवा ज्यांस यांतलें कांहीं येत नाहीं अशा कोणींही, तो वाचीत त्याप्रमाणें करून पाहावा. शेजारचें एखादें मराठी शाळेंतील मूलही बोलवावें. सॉफ्टवेअर कारपेंट्रीच्या वर्गांत दोन रंगांच्या चिठ्ठ्या देतात. काम जमलें तर एक यंत्रास चिकटवावयाची, अडलें तर दुसरी. तशा चिठ्ठ्या घरींही कराव्या, म्हणजे लाजाळू मुलास तोंड उघडावें लागत नाहीं. अडलेली प्रत्येक जागा वहींत लिहावी, आणि तीपुढें उक्त, अनुक्त कीं दुरुक्त, तें मांडावें. मग जाणत्यानें ती टीप नीट करून मूळ भांडाराकडे धाडावी, परवान्याच्या अटी पाळून आणि मूळ कर्त्याचा उल्लेख ठेवून. दोन तासांचें काम आहे. एका घरानें वर्षांत एक धडा असा तपासला, तरी पुढच्या घराचें तेवढें काम हलकें होईल, आणि तें घर जेथून आरंभ करील तेथें आपली टीप आधींच असेल.

आमची दुसरी वही तयार आहे. नाताळच्या सुटींत पुतणी पुन्हा यावयाची आहे, आणि या खेपेस त्या कोपऱ्यांतील मुलास आम्ही आपल्या शेजारीं बसविणार आहों.